संधिवात आणि गरोदरपण : सीमाभागातील कुटुंबांनी वर्षभर आधीपासून करायची तयारी

संधिवाताचे निदान झालेल्या मुलीच्या घरी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "हिला मूल होणे धोक्याचे आहे," आणि दुसरे, "दिवस गेले की सगळ्या गोळ्या बंद करायच्या." बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये आज चुकीची ठरतात, आणि दुसरे तर पहिल्यापेक्षा अधिक नुकसान करते. माझ्या भावजयीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून सांध्यांबरोबर मूत्रपिंडासारख्या अवयवांनाही त्रास देणारा संधिवात. तिचे सासर म्हणजे आमचे घर बेळगावात आणि माहेर गडहिंग्लजजवळ आहे. लग्नानंतरची दोन वर्षे तिची फाईल सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे पुढे दिलेली औषधांची माहिती डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी वाचावी. कोणतीही गोळी चालू किंवा बंद करण्याचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्यावा.

आधी योग्य डॉक्टर

आपल्याकडे सांधे दुखू लागले की माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. झिजलेल्या गुडघ्यासाठी ते बरोबरच आहे. परंतु ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, स्पॉन्डिलायटिस, शोग्रेन किंवा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हे रोग हाडांचे नसून शरीराच्या प्रतिकारशक्तीचे आहेत आणि त्यांचा डॉक्टर वेगळा असतो. त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञ म्हणतात. एम.डी. मेडिसिननंतर ऱ्हुमॅटॉलॉजी या विषयात डी.एम. किंवा त्या दर्जाची पदवी घेतलेली असल्यास उत्तम. "गरोदरपणातील संधिवाताचा डॉक्टर" अशी पाटी आपल्या भागात शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्या संधिवाततज्ज्ञाने अशा गरोदर स्त्रिया पूर्वी हाताळल्या आहेत आणि जो स्त्रीरोगतज्ज्ञाशी स्वतः फोनवर बोलायला तयार आहे, तोच आपला डॉक्टर समजावा.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. आपण अशा किती गरोदर स्त्रिया पाहिल्या आहेत? रात्री-अपरात्री प्रसूतीच्या डॉक्टरांना अडचण आली तर ते आपल्याला फोन करू शकतील का? आणि गरोदर राहण्यापूर्वी माझ्या कोणत्या औषधात बदल करावा लागेल? तिसऱ्या प्रश्नाला "आधी दिवस जाऊ देत, मग पाहू" असे उत्तर मिळाले, तर दुसरा डॉक्टर पाहिलेला बरा.

कोठे जायचे हे गाव ठरवते. खानापूरकरांना बेळगावच सोयीचे; निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते; कागवाड-अथणीकडची माणसे मिरजेला जातात आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडून धारवाड-हुबळीही बरे पडते. पुण्याला किंवा बेंगळुरूला वर्षातून दोनदा जाऊन दिशा ठरवून घ्यावी आणि मधल्या तपासण्या जवळच कराव्यात, ही व्यवस्था आमच्या अनुभवात चांगली चालली. प्रसूतीचे डॉक्टर मात्र जवळचेच हवेत, आणि त्या रुग्णालयात नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग व रक्तपेढीची सोय असावी.

दिवस जाण्यापूर्वीचे वर्ष

या सगळ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि घरची मंडळी नेमका तोच गाळतात. मूल हवे असे ठरल्यावर पाळी चुकण्याची वाट न पाहता डॉक्टरांना आधी सांगावे, कारण रोग किमान सहा महिने शांत असताना राहिलेली गर्भधारणा आणि रोग भडकलेला असताना राहिलेली गर्भधारणा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासात रोग शांत किंवा सौम्य असलेल्या ३८५ ल्युपसग्रस्त गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली होती. त्यांतील ८१ टक्के स्त्रियांची गर्भावस्था मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडली. "हिला मूल होणे धोक्याचे" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगायला हरकत नाही, मात्र "रोग शांत असताना" हे शब्द गाळू नयेत.

या काळात औषधांची अदलाबदल होते. मेथोट्रेक्झेट ही आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी गर्भाला अपाय करते. ती दिवस जाण्याच्या एक ते तीन महिने आधी बंद करतात आणि फॉलिक ॲसिड चालू ठेवतात. ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज असल्यास दिले जाणारे मायकोफिनोलेट किमान सहा आठवडे आधी बंद व्हावे लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ द्यावा, म्हणजे बदली औषधावर मूत्रपिंड शांत राहते की नाही हे कळते. सायक्लोफॉस्फामाइडनंतर तीन महिने तरी थांबतात. लेफ्लुनोमाइडची गोष्ट निराळी आहे. ते बंद केल्यावरही त्याचा अंश दोन वर्षांपर्यंत रक्तात राहू शकतो, म्हणून ते शरीरातून काढून टाकण्यासाठी कोलेस्टिरॅमिनची पूड अकरा दिवस देतात आणि नंतर रक्तातील प्रमाण तपासतात. कोणे एके काळी हे औषध घेतले होते आणि आता बंद आहे, अशा मुलीनेही ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली पाहिजे. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्याही या काळात चालत नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल, तर दिवस जाताच हेपरिनवर जायचे असते, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यातला वॉरफरिन विशेष धोक्याचा असतो.

याउलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, ॲझाथायोप्रिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे गरोदरपणात चालू ठेवता येतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केल्यास ल्युपस भडकण्याची भीती असते. आमच्याकडे नेमके हेच घडले. आठव्या आठवड्यात भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "वन्सं, मेडिकलवाल्यांनी ही गोळी बंद करायला सांगितलीय, पाकिटातल्या कागदावर तसं छापलंय म्हणे." चार दिवस तिने गोळी घेतलीच नव्हती. डॉक्टरांनी फोनवर ती त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावली. गोळीच्या पाकिटातील कागदावर गरोदरपणाविषयी सरसकट सावधगिरी छापलेली असते. आपल्या रुग्णापुरता निर्णय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो, आणि दोहोंत विरोध दिसला तर गोळी थांबवण्याआधी फोन करावा.

प्रेडनिसोलोन कमीत कमी मात्रेत चालते, कारण वार (प्लॅसेंटा) त्याचा बहुतेक भाग निष्क्रिय करते आणि बाळापर्यंत थोडेच पोहोचते. डेक्सामेथासोनचे तसे नाही. ते थेट बाळाकडे जाते. हे सांगण्याचे कारण म्हणजे आठवडी बाजारात किंवा ओळखीतून मिळणाऱ्या वाताच्या पुड्या. एका दिवसात गुडघा मोकळा करणाऱ्या अशा बेनावाच्या पुडीत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. गरोदर राहण्याचा विचार असलेल्या मुलीने ती तोंडात घालू नये, आणि आधी घेतलेली असल्यास लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे, कारण महिनोन्महिने घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडणेही धोक्याचे असते.

मेथोट्रेक्झेट चालू असताना चुकून दिवस गेले तर? गोळी त्याच क्षणी थांबवावी, फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि त्याच आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना भेटावे. घाबरून मेडिकलमधून गर्भपाताची गोळी आणून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा प्रत्येक बाळात दोष असतोच असे नाही; तपशीलवार सोनोग्राफी करून आणि सगळे समजून घेऊन त्या स्त्रीने स्वतः निर्णय घ्यावा.

फुप्फुसातील रक्तदाब फार वाढलेला असणे किंवा मूत्रपिंड वा हृदय बरेच निकामी झालेले असणे, अशा मोजक्या परिस्थितींत मात्र डॉक्टर गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला देतात. तो सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे, पण अंगारे-धुपारे आणि नवस यांच्या भरवशावर तो धुडकावू नये.

रक्ताच्या काही विशेष तपासण्या

अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी ही पहिली. ही प्रतिपिंडे असल्यास रक्तात गुठळ्या होणे, वारंवार गर्भपात होणे किंवा रक्तदाब वाढून बाळाची वाढ खुंटणे संभवते. एकदा चाचणी होकारार्थी आली म्हणून निदान पक्के होत नाही. बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. वर्षभर आधीपासून तयारी करा असे मी म्हणते त्याचे हेही एक कारण आहे. दोन-तीन गर्भपात झालेल्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणाऱ्या घरांनी या तपासणीचे नाव तरी ऐकून ठेवावे.

दुसरी तपासणी अँटी-रो प्रतिपिंडांची. ती होकारार्थी असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २ टक्क्यांच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणारा दोष उद्भवू शकतो. आधीच्या बाळाला तो झाला असल्यास पुढच्या खेपेला धोका १६ ते १८ टक्क्यांपर्यंत जातो. २०२० सालच्या एका अभ्यासात अशा मातांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर हे प्रमाण ७.४ टक्क्यांवर आले. म्हणून या स्त्रियांना १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल एको, पुन्हा पुन्हा करावी लागते. ती कोठे होईल हे आधीच विचारून ठेवावे.

तिसरी तपासणी साधी लघवीची, प्रथिने किती जातात हे पाहण्याची. दिवस जाण्यापूर्वीचा हा आकडा फाईलमध्ये असेल, तर सातव्या महिन्यात लघवीत प्रथिने दिसल्यावर ती जुनी, ल्युपसची की गरोदरपणातील रक्तदाबाची, हा पेच सोडवायला डॉक्टरांना आधार मिळतो.

फाईलचे पहिले पान

सीमाभागात या फाईलला अधिक महत्त्व आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारे गरोदरपणाच्या नोंदींचे तायी कार्ड कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, घरची बोली मराठीत आणि बाळंतपण कदाचित दुसऱ्या राज्यात, अशी आपली अवस्था असते. आम्ही एक पान टाइप करून प्लास्टिकच्या कव्हरात फाईलच्या अगदी वर ठेवले होते. त्यावर रोगाचे नाव, निदानाचे वर्ष, चालू औषधांची मूळ नावे व मात्रा, बंद केलेली औषधे आणि बंद केल्याची तारीख, कोणती प्रतिपिंडे आहेत व कोणती नाहीत, शेवटचा रक्तदाब, रक्तगट, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन एवढेच होते. दर भेटीनंतर जुने पान फाडून नवे ठेवत असू. कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहावे, कारण चिक्कोडीत मिळणारी गोळी कोल्हापुरात वेगळ्या नावाने मिळते. त्या पानाच्या मागे कन्नडमध्ये चार शब्दही लिहून ठेवले होते: डोकेदुखीला तलेनोवु, डोळ्यांपुढे अंधारीसाठी कण्णु मंजु. बेळगावात वाढलेल्यांना त्यांची गरज नाही, पण गडहिंग्लजहून आलेल्या मुलीला रात्रपाळीच्या नर्सशी बोलताना ते उपयोगी पडले.

नऊ महिने

पाळी चुकताच दोन्ही डॉक्टरांना कळवावे आणि पहिली सोनोग्राफी, तिसऱ्या महिन्याअखेरची सोनोग्राफी व १८ ते २० आठवड्यांची व्यंग पाहणारी सोनोग्राफी वेळेवर करावी. पुढे २४ ते २८ आठवड्यांपासून साधारण दर महिन्याला बाळाची वाढ आणि वारेचा रक्तपुरवठा पाहतात. स्टेरॉइड चालू असेल तर साखरेची तपासणी चुकवू नये. आशा कार्यकर्तीकडे नोंद करून ठेवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली होणाऱ्या मोफत तपासणीचा लाभ खासगी उपचार चालू असतानाही घेता येतो, आणि जोखमीची गरोदर म्हणून नाव लागलेले असणे अडीअडचणीला कामी येते.

बाराव्या आठवड्यापासून बहुतेक ल्युपसच्या रुग्णांना ॲस्पिरिनची लहान गोळी, ७५ ते १५० मिलिग्रॅमची, सुरू करतात. आमच्या आईचा या गोळीला ठाम विरोध होता. ॲस्पिरिनने पोट पडते, हे तिने कोठेतरी ऐकले होते. तिला मी सांगितले की या गोळीचा मोठा अभ्यास आपल्याच बेळगाव भागात झालेला आहे. सहा देशांतील ११,९७६ पहिलटकरणींवर झालेल्या त्या अभ्यासात बेळगाव हे एक केंद्र होते. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वेळेआधीच्या प्रसूतीचे प्रमाण ११.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत १३.१ टक्के होते. तो अभ्यास संधिवाताच्या रुग्णांचा नव्हता हे खरे, परंतु गोळी पोट पाडते ही भीती निघून जायला तेवढे पुरले.

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असल्यास ॲस्पिरिनबरोबर रोज हेपरिनचे इंजेक्शन असते. ते घरी घ्यायला शिकता येते आणि शिकावेच, कारण रोज दवाखान्यात जाणे कोणालाच परवडत नाही. बेंबीपासून दोन इंच बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचे आणि सुई बाहेर काढल्यावरच चिमूट सोडायची. आज डावी बाजू, उद्या उजवी. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा नाही आणि नंतर जागा चोळायची नाही. चोळल्याने मोठा काळानिळा डाग पडतो. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. संधिवातासाठीची अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने चालू असतील तर ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. बसमधून नेताना बर्फाच्या पिशवीला ती थेट टेकू देऊ नयेत, कारण गोठलेले औषध वाया जाते.

घरी रक्तदाबाचे यंत्र ठेवावे. ताकायासू हा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या स्त्रियांच्या एका हाताची नाडी क्षीण असू शकते आणि त्या हातात दाब खोटाच कमी दिसतो, म्हणून कोणत्या हातात मोजायचे हे डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्यावे. वरचा दाब १४० किंवा खालचा ९० झाला, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणे, एकाच पोटरीला सूज, दम लागणे, फेसाळ लघवी किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट न पाहता निघावे आणि वाहन नसल्यास १०८ ला फोन करावा. साध्या सांधेदुखीला पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मात्र विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात, कारण त्याने गर्भजल कमी होऊ शकते.

रिपोर्ट वाचून घरी निष्कर्ष काढू नयेत. गरोदरपणात ईएसआर, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारा रक्ताचा आकडा, आपोआप वाढतो आणि ल्युपस भडकल्यावर एरवी कमी होणारे सी-थ्री, सी-फोर हे रक्तातील घटकही वाढतात. त्यामुळे ईएसआर वाढलेला दिसला म्हणून संधिवात भडकला असे नव्हे, आणि सी-थ्री "नॉर्मल" आले म्हणून सर्व ठीक असेही नव्हे.

माहेर की सासर

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत चांगली आहे, परंतु अशा गरोदरपणात सातव्या महिन्यात डॉक्टर बदलणे म्हणजे भरल्या नदीत होडी बदलणे आहे. माहेरीच जायचे असल्यास तेथील प्रसूतीचे डॉक्टर पाचव्या महिन्यातच ठरवून एक भेट घ्यावी आणि फाईलची प्रत त्यांना द्यावी. आम्ही मधला मार्ग काढला: ओटीभरण गडहिंग्लजला केले आणि बाळंतपणासाठी तिची आईच बेळगावात येऊन राहिली. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांनी तर प्रसूतीची तारीख ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये येते का हेही पाहावे आणि तशी येत असल्यास छत्तिसाव्या आठवड्यातच बेळगावात किंवा खानापुरात नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.

खर्चाचे पाहताना, महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठीही लागू केली आहे हे लक्षात ठेवावे. ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, महिन्याच्या तपासणीसाठी नव्हे. म्हणून दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाकडे, चौकशी करावी.

प्रसूती आणि त्यानंतर

संधिवात आहे म्हणून सिझर करावेच लागते असे नाही. मात्र मानेचे किंवा कमरेचे सांधे आखडलेले असतील, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट नवव्या महिन्यापूर्वी घ्यावी. हेपरिनचा शेवटचा डोस कधी घेतला ती वेळ लिहून ठेवावी, कारण पाठीतून भूल देण्याचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. बरेच दिवस स्टेरॉइड चालू असल्यास कळांच्या वेळी ते वाढवावे लागू शकते.

अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब हे औषध शेवटच्या तीन महिन्यांत घेतले असेल, तर प्रसूतिगृहात जाताच नर्सला आणि बालरोगतज्ज्ञाला सांगावे. बाळाला जन्मताच दंडावर दिली जाणारी बीसीजीची लस जिवंत जंतूंची असते, आणि अशा बाळाला ती सहसा सहा महिन्यांपर्यंत पुढे ढकलतात. लस नेमाने टोचणे हे नर्सचे काम आहे. तिला आधी सांगणे हे आपले.

ऱ्हुमॅटॉइड संधिवात अनेकींमध्ये गरोदरपणात कमी होतो आणि बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांत उसळतो. आपल्याकडे याला "बाळंतिणीला वारं लागलं" म्हणतात, कान बांधतात, शेक देतात, आणि त्यात दोन महिने निघून जातात. शेक द्यावा, डिंकाचे लाडूही खाऊ घालावेत, पण सकाळी तासभर बोटे आखडत असतील आणि बाळाला उचलताना मनगट सुजत असेल, तर ते वारे नव्हे. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची संधिवाततज्ज्ञाची भेट बाळंतपणाआधीच ठरवून ठेवावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, ॲझाथायोप्रिन, हेपरिन आणि कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन घेत असताना अंगावर पाजता येते. मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड, मायकोफिनोलेट घेत असताना नाही. कुशीवर झोपून, बाळाखाली उशी घेऊन पाजल्यास मनगटावर भार येत नाही.

पाळणा लांबवण्याचा विषयही सहाव्या आठवड्यातच काढावा. अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. तिच्यासाठी तांबी चांगली. आणि अँटी-रो असलेल्या आईच्या बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले, तर ते आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे असतात आणि सहसा सहा ते आठ महिन्यांत जातात. तरीही ते बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत, आणि दाखवायला जाताना बाळाच्या फाईलमध्ये आईच्या त्या पहिल्या पानाची एक प्रत ठेवावी.